अमेरिकेतील घराच्या टायटलवर जोडीदाराचे नाव घालताना गिफ्ट टॅक्सचा विचार कसा करावा

अमेरिकेत एकाच्या नावावर असलेल्या घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, जोडीदाराचे नाव चढवणे हे काम दिसायला फार छोटे असते. एक-दोन पानांचे डीड, म्हणजे मालकी देण्याचा दस्त, तयार होते, नोटरीसमोर सही होते, काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदणीचे शुल्क भरले जाते आणि काम संपते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या कागदाने घराचा निम्मा हिस्सा मोबदला न घेता दुसऱ्या व्यक्तीला दिलेला असतो, आणि मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता ही भेट ठरत असल्यामुळे केंद्र सरकारचा गिफ्ट टॅक्स तेथे विचारात घ्यावा लागतो. बहुसंख्य कुटुंबांना हा कर प्रत्यक्षात भरावा लागत नाही, आणि म्हणूनच अनेक जण त्याची चौकशीही करत नाहीत. पण विवरणपत्र भरायचे होते का, घर विकताना नफा कोणत्या किमतीवरून मोजला जाईल, आणि कर्ज देणाऱ्या बँकेला हा बदल चालेल का, हे प्रश्न त्या सहीबरोबरच उभे राहतात. त्यांची उत्तरे सहीच्या आधी मिळवणे सोपे असते, नंतर मिळवणे महाग पडते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. हा कर घेणाऱ्यावर नसून देणाऱ्यावर असतो. विवरणपत्र भरण्याची जबाबदारीही देणाऱ्याचीच असते, आणि ज्याचे नाव नव्याने चढते त्याला मिळालेल्या हिश्श्यावर आयकर लागत नाही.

आधी ठरवा: कायद्याच्या लेखी जोडीदार कोण?

पुढची सगळी आकडेमोड एका प्रश्नावर अवलंबून आहे: डीडवर सही होऊन ते दिले जाते त्या दिवशी तुमचे कायदेशीर लग्न झालेले आहे का, आणि असल्यास तुमचा पती किंवा पत्नी अमेरिकेची नागरिक आहे का? डोमेस्टिक पार्टनरशिप किंवा सिव्हिल युनियन (लग्नाऐवजी नोंदवायची नाती) राज्यात नोंदवलेली असली, तरी केंद्रीय कराच्या कायद्यात तिला लग्नाचा दर्जा नाही. लग्न समलिंगी जोडप्याचे असेल, तर नियम इतर लग्नांसारखेच लागू होतात.

पती किंवा पत्नी अमेरिकेची नागरिक असेल, तर काम सर्वांत सोपे आहे. नागरिक जोडीदाराला थेट दिलेल्या भेटीवर कितीही रकमेची वजावट मिळते, त्यामुळे घर कितीही किमतीचे असले तरी कर लागत नाही आणि सामान्यतः गिफ्ट टॅक्सचे विवरणपत्रही भरावे लागत नाही. या वाचकांनी गिफ्ट टॅक्सची काळजी सोडून बेसिसचा, म्हणजे विक्रीचा नफा ज्या मूळ किमतीवरून मोजतात तिचा, भाग लक्षपूर्वक वाचावा.

लग्न ठरलेले आहे पण झालेले नाही, अशांनी थोडे थांबावे. लग्नाच्या आधीच्या दिवशी दिलेले डीड हे अविवाहित व्यक्तीला दिलेली भेट ठरते, आणि तेच डीड लग्नानंतर दिले तर नागरिक जोडीदाराच्या बाबतीत पूर्ण वजावट मिळते. ‘लग्नाच्या वचनाच्या बदल्यात हिस्सा दिला’ असे लिहूनही उपयोग होत नाही, कारण पैशात मोजता न येणारा मोबदला हा कायदा मोबदला मानतच नाही, आणि त्याच्या नियमांत प्रेम व जिव्हाळ्याबरोबर लग्नाच्या वचनाचाही स्पष्ट उल्लेख आहे.

जोडीदार नागरिक नसेल तेव्हा

आपल्या लोकांमध्ये ही स्थिती फार आढळते. एकाने नागरिकत्व घेतलेले असते, दुसऱ्याने भारताचा पासपोर्ट ठेवलेला असतो, किंवा दोघेही अजून ग्रीन कार्डावर अथवा वर्क व्हिसावर असतात. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. घेणारा जोडीदार नागरिक नसेल, तर अमर्याद वजावट मिळत नाही. तिच्या जागी वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत सूट मिळते, जी २०२५ साठी १ लाख ९० हजार डॉलर होती आणि २०२६ साठी १ लाख ९४ हजार डॉलर आहे. देणारा नागरिक आहे की नाही याने या नियमात फरक पडत नाही. पाहायचे असते ते घेणाऱ्याचे नागरिकत्व.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा मुद्दा. पती-पत्नींनी घर हयात राहणाऱ्याला आपोआप संपूर्ण हक्क मिळेल अशा जॉइंट टेनन्सीत, किंवा काही राज्यांत केवळ विवाहितांसाठी असलेल्या टेनन्सी बाय द एन्टायरटी या प्रकारात घेतले, तर जोडीदार नागरिक नसतानाही नाव चढवण्याच्या वेळी भेट झाली असे मानले जात नाही, मग पैसे एकट्याने घातलेले असोत वा दोघांनी. भेटीचा हिशेब पुढे ढकलला जातो आणि ती सामायिक मालकी मृत्यूखेरीज अन्य कारणाने संपेल तेव्हा, म्हणजे बहुधा घर विकले जाईल तेव्हा, केला जातो. त्या वेळी प्रत्येकाने घातलेल्या पैशाच्या प्रमाणापेक्षा नागरिक नसलेल्या जोडीदाराला जितके जास्त मिळेल तितकी भेट. उदाहरणार्थ, सर्व पैसे पतीने घातले होते, २०२६ मध्ये विक्रीतून कर्ज व खर्च वजा जाता ६ लाख डॉलर हाती आले आणि त्यांपैकी ३ लाख पत्नीच्या स्वतंत्र खात्यात गेले, तर ३ लाखांची भेट त्या वर्षी झाली. १ लाख ९४ हजारांची सूट वजा केल्यावर उरलेल्या १ लाख ६ हजारांसाठी पतीला विवरणपत्र भरावे लागेल.

याउलट तेच नाव टेनन्सी इन कॉमन म्हणून, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा आणि मृत्युपत्राने कोणालाही देता येण्याजोगा हिस्सा अशा रीतीने चढवले, तर भेट त्याच दिवशी पूर्ण होते आणि वार्षिक सुटीच्या वरची रक्कम त्याच वर्षी दाखवावी लागते. डीडवर मालकीच्या प्रकाराचे शब्द काय लिहिले जातात यावर किती अवलंबून असते, ते येथे दिसते. नमुन्याचे डीड इंटरनेटवरून उतरवून त्यातील ती ओळ कोरी ठेवणे किंवा अंदाजाने भरणे अजिबात करू नये.

कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन, ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो, लुईझियाना आणि विस्कॉन्सिन या कम्युनिटी प्रॉपर्टीच्या राज्यांत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. लग्नानंतर मिळवलेल्या पगारातून घेतलेले घर तेथे साधारणतः दोघांचेच असते, टायटलवर नाव एकाचे असले तरीही. अशा घरावर दुसऱ्याचे नाव चढवताना नवीन भेट होत नाही, कारण तो हिस्सा आधीपासूनच त्याचा असतो. लग्नाआधी घेतलेले, वारशाने आलेले किंवा भारतातून आईवडिलांनी दिलेल्या पैशांतून घेतलेले घर मात्र वेगळे धरले जाते. दोन्ही प्रकारचे पैसे मिसळले गेले असतील, तर बँकेचे जुने उतारे काढून बसणे भाग आहे.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांसाठी

येथे कोणतीही वैवाहिक वजावट नाही. कोणालाही देता येते तेवढीच वार्षिक सूट मिळते, आणि ती २०२५ व २०२६ या दोन्ही वर्षांसाठी प्रत्येक घेणाऱ्यामागे १९ हजार डॉलर आहे. त्याच वर्षी त्या व्यक्तीला दिलेली गाडी, रोख रक्कम, मोठे दागिने हे सगळे याच १९ हजारांत मोजायचे असते. वरची रक्कम देणाऱ्याच्या हयातभराच्या सुटीतून वजा होते. ही सूट २०२५ मध्ये १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर होती, जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२६ साठी ती १ कोटी ५० लाख डॉलर झाली, आणि त्यानंतर महागाईनुसार बदलते. मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरील इस्टेट टॅक्ससाठीही हीच सूट वापरली जाते, त्यामुळे आज वापरलेला भाग नंतर उरत नाही. ती संपल्यावरच गिफ्ट टॅक्स द्यावा लागतो, आणि त्याचा वरचा दर ४० टक्के आहे. थोडक्यात, सामान्य घरासाठी कर शून्य असतो, पण विवरणपत्र भरावेच लागते.

भेट नेमकी केव्हा होते, याबद्दल बँकेच्या खात्यावरून केलेली कल्पना येथे दिशाभूल करते. एकट्याच्या पैशांच्या खात्यावर दुसऱ्याचे नाव घातले, तर दुसऱ्याने पैसे काढून स्वतःसाठी वापरेपर्यंत भेट होत नाही, कारण तोपर्यंत पहिला सगळे पैसे परत काढू शकतो. घराचे तसे नसते. एकदा डीड दिले की तो निम्मा हिस्सा जोडीदाराच्या संमतीशिवाय परत घेता येत नाही, आणि म्हणून भेट त्या दिवशीच पूर्ण होते. संबंध तुटले आणि जोडीदाराने समजूतदारपणे हिस्सा परत केला, तरी ती त्याच्याकडून तुम्हाला झालेली नवी भेट असते व विवरणपत्र त्याला भरावे लागते.

घर विकत घेतानाही हाच नियम लागू होतो. डाउन पेमेंट एकट्याने भरले आणि क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी टायटल दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे झाले, तर डाउन पेमेंटच्या निम्म्या रकमेची भेट तेथेच झाली.

भेटीची किंमत कशी काढायची

किंमत धरायची ती डीड दिले त्या दिवशीची बाजारभावाची. काउंटीने मालमत्ता करासाठी ठरवलेली किंमत किंवा संकेतस्थळावरचा अंदाज पुरेसा नसतो. परवानाधारक ॲप्रेझरकडून (मूल्यांकन करणाऱ्याकडून) त्या तारखेचा लेखी अहवाल घ्यावा आणि तो कशासाठी हवा आहे हे त्याला आधीच सांगावे, कारण कर्जासाठी केलेला अहवाल आणि गिफ्ट टॅक्ससाठीचा अहवाल यांची मांडणी वेगळी असते.

एक उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये ३ लाख डॉलरला घेतलेल्या घराची आजची किंमत ८ लाख आहे आणि २ लाखांचे कर्ज बाकी आहे. मालकाची खरी शिल्लक ६ लाख, तिचा निम्मा भाग ३ लाख, त्यातून १९ हजार वजा केले की २ लाख ८१ हजार ही दाखवायची भेट. २०२६ मधील १ कोटी ५० लाखांच्या सुटीतून ती वजा झाली, तर १ कोटी ४७ लाख १९ हजार डॉलर शिल्लक राहतात. कर काहीच नाही.

या हिशेबात कर्जाचा भाग सर्वांत नाजूक असतो. कर्ज फक्त देणाऱ्याच्या नावावर राहिले आणि पुढचे सगळे हप्ते त्यानेच भरले, तर त्यातला जोडीदाराच्या हिश्श्याचा भाग दरवर्षी नवी भेट ठरू शकतो. वर्षाला ३० हजारांचे हप्ते असतील, तर निम्मे १५ हजार होतात. ते वार्षिक सुटीत बसतात, पण मग त्या वर्षी इतर भेटींसाठी ४ हजारच उरतात. उलट जोडीदाराने कर्जाचा निम्मा भार कायदेशीररीत्या स्वतःवर घेतला, तर तेवढ्या रकमेपुरता व्यवहार विक्रीसारखा होतो, आणि अविवाहित जोडप्याला त्यावरच्या नफ्याचाही हिशेब करावा लागतो. जोडीदाराने आधीपासून डाउन पेमेंट, दुरुस्ती किंवा हप्त्यांत पैसे घातले असतील, तर त्या पैशांचा मोबदला म्हणून कितपत विचार होईल हे सीपीएला (परवानाधारक लेखापालाला) दाखवण्यासाठी चेक, ट्रान्सफरच्या नोंदी आणि पावत्या एकत्र ठेवाव्यात. घरकाम आणि मुलांची काळजी यांचे मोल कितीही मोठे असले, तरी या हिशेबात ते धरले जात नाही. हे मला अन्यायाचे वाटते, पण नियम तसा आहे.

फॉर्म ७०९

गिफ्ट टॅक्सचे विवरणपत्र म्हणजे फॉर्म ७०९. भेट दिली त्याच्या पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत ते भरायचे असते, आणि आयकरासाठी मुदतवाढ घेतली असेल तर या फॉर्मलाही ती मिळते. पती-पत्नी आयकराचे विवरणपत्र एकत्र भरत असले, तरी फॉर्म ७०९ एकत्र भरता येत नाही. जो देतो तो स्वतःचा फॉर्म भरतो.

फॉर्मवर मालमत्तेचा पत्ता आणि डीडमधले कायदेशीर वर्णन, भेटीची तारीख, घेणाऱ्याचे नाव व नाते, देणाऱ्याचा बेसिस आणि भेटीची किंमत लिहावी लागते. सोबत डीडची प्रत, ॲप्रेझरचा अहवाल आणि कर्जाच्या शिलकीचे बँकेचे पत्र जोडावे. कर शून्य असताना इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येतो, कारण उशिराचा दंड देय कराच्या टक्केवारीत असतो आणि शून्य कराची टक्केवारीही शून्यच असते. त्याचे उत्तर मुदतीत आहे. भेटीची पुरेशी माहिती देऊन फॉर्म भरला, तर आयआरएसला, म्हणजे केंद्रीय कर खात्याला, त्या किमतीवर आक्षेप घेण्यासाठी सामान्यतः ३ वर्षे मिळतात. फॉर्म भरलाच नाही, तर ही मुदत सुरूच होत नाही, आणि वीस वर्षांनी इस्टेटीचा हिशेब करताना तुमच्या वारसांना आजची किंमत सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते. मागच्या वर्षांत नाव चढवले असेल आणि फॉर्म राहून गेला असेल, तर तो आता उशिरा भरावा. भरणे न भरण्यापेक्षा नक्कीच चांगले.

बेसिस: खरे पैसे येथे जातात

अनेक घरांत गिफ्ट टॅक्सच्या भीतीने लोक सल्ला घ्यायला येतात आणि त्यांचे खरे नुकसान मात्र बेसिसमध्ये निघते. बेसिस म्हणजे विक्रीच्या वेळी नफा मोजण्यासाठी धरायची मूळ किंमत. भेटीत मिळालेल्या हिश्श्याला देणाऱ्याचाच जुना बेसिस चिकटतो. वारशाने मिळालेल्या हिश्श्याचा बेसिस मात्र साधारणतः मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतका होतो. वरच्या उदाहरणात जोडीदाराला निम्म्या हिश्श्याचा बेसिस दीड लाख मिळतो. ८ लाखांना घर विकले, तर त्याच्या हिश्श्यावर अडीच लाखांचा नफा दिसतो. तोच हिस्सा वारशाने आला असता आणि लगेच विकला असता, तर नफा जवळजवळ काहीच दिसला नसता.

हा नफा बऱ्याचदा माफ होऊ शकतो. राहत्या घराच्या विक्रीवर, मागच्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षे मालकी आणि वास्तव्य असेल, तर प्रत्येकी अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. विवाहित जोडप्याला एकत्र विवरणपत्रावर ५ लाखांपर्यंत सूट मिळते, आणि त्यासाठी दोघांनी तेथे राहिलेले असावे लागते, पण मालकी एकाचीच असली तरी चालते. म्हणून केवळ ५ लाखांच्या सुटीसाठी पती-पत्नींनी टायटल बदलण्याची गरज नाही. अविवाहित जोडप्याचे उलट आहे: दुसऱ्याच्या नावावर मालकी नसेल तर दुसरे अडीच लाख मिळतच नाहीत. त्यांच्यासाठी नाव चढवण्याचे हे एक सबळ कारण आहे, फक्त त्यानंतर दोन वर्षे विक्री करू नये.

मालकीचा प्रकार येथेही परिणाम करतो. नागरिक पती-पत्नींच्या जॉइंट टेनन्सीत एक वारला, तर निम्म्याच हिश्श्याचा बेसिस वाढतो. कम्युनिटी प्रॉपर्टीत दोन्ही निम्म्यांचा वाढतो. त्यामुळे कॅलिफोर्नियातील विवाहितांनी साध्या जॉइंट टेनन्सीऐवजी हयात राहणाऱ्याच्या हक्कासह कम्युनिटी प्रॉपर्टी हा प्रकार वकिलाशी बोलून विचारात घ्यावा; तो तेथे १ जुलै २००१ पासून उपलब्ध आहे. मात्र घेणारा जोडीदार नागरिक नसेल आणि घर लग्नाआधीचे असेल, तर आधी सांगितलेली हिशेब पुढे ढकलण्याची सवलत जॉइंट टेनन्सी व टेनन्सी बाय द एन्टायरटी यांनाच आहे, हे विसरू नये. अविवाहितांच्या जॉइंट टेनन्सीत सगळे पैसे घालणारा आधी वारला, तर संपूर्ण घर त्याच्या इस्टेटीत धरले जाते आणि संपूर्ण घराचा बेसिस वाढतो. टेनन्सी इन कॉमनमध्ये त्याच्या निम्म्याचाच वाढतो.

देणारा भारतात परतला असेल तर

गिफ्ट टॅक्ससाठी रहिवासी कोण, हे आयकराप्रमाणे दिवस मोजून ठरत नाही. कायमचे राहण्याचा हेतू कोठे आहे, म्हणजे डोमिसाइल काय, यावर ते ठरते. नागरिक नसलेली आणि कायमची भारतात परतलेली व्यक्ती अमेरिकेतील आपल्या घराचा हिस्सा देते, तेव्हा घर अमेरिकेत असल्यामुळे कर लागू होतो, पण हयातीची मोठी सूट तिला भेटींसाठी मिळत नाही. १९ हजारांची किंवा नागरिक नसलेल्या जोडीदारासाठीची वार्षिक सूट तेवढी मिळते, आणि वरच्या रकमेवर १८ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत कर प्रत्यक्ष द्यावा लागतो. मृत्यूनंतरच्या इस्टेट टॅक्ससाठीही अशा व्यक्तीला केवळ ६० हजार डॉलरची सूट आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात आयकराचा करार आहे, पण इस्टेट किंवा गिफ्ट टॅक्सचा करार नाही, त्यामुळे तेथून दिलासा मिळत नाही. परतीचा विचार पक्का होत असेल, तर टायटलचा निर्णय निघण्याआधीच घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. व्हिसावर राहणाऱ्यांनीही आपले डोमिसाइल गृहीत धरू नये, वकिलाला विचारावे.

बँक, राज्य आणि टायटलचा विमा

बहुतेक कर्जांच्या करारात मालकी हस्तांतरित झाली तर संपूर्ण कर्ज एकदम मागण्याचा हक्क बँकेला असतो. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घरात पती, पत्नी किंवा मुले मालक झाल्यास हा हक्क वापरता येत नाही. अविवाहित जोडीदाराला हे संरक्षण नाही. त्याने डीडपूर्वी बँकेकडून लेखी संमती घ्यावी.

राज्याचा गिफ्ट टॅक्स केवळ कनेक्टिकटमध्ये आहे. मात्र हस्तांतरणाचा कर अनेक राज्यांत असतो. पेन्सिल्वेनियात पती-पत्नींमधील हस्तांतरण त्यातून वगळलेले आहे, तर फ्लोरिडात कर्ज असलेल्या घराचा हिस्सा अविवाहित जोडीदाराला भेट दिला, तरी कर्जाच्या त्या हिश्श्यावर स्टॅम्प टॅक्स लागू शकतो. कॅलिफोर्नियात भीती मालमत्ता कराच्या फेरमूल्यांकनाची असते. पती-पत्नी आणि राज्यात नोंदणी केलेले डोमेस्टिक पार्टनर यांच्यातील हस्तांतरण त्यातून सुटते. अविवाहित जोडीदाराला जॉइंट टेनन्ट म्हणून घेतले आणि मूळ मालकही जॉइंट टेनन्ट राहिला, तरीही ते सुटते, पण टेनन्सी इन कॉमन केली तर निम्म्या घराचे मूल्यांकन आजच्या भावाने होते. डीडबरोबर मालकी बदलाचा प्राथमिक अहवाल भरताना योग्य चौकटीत खूण करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

घर घेताना काढलेला टायटलचा विमा नव्या नावाला आपोआप लागू होतो असे समजू नये. क्विटक्लेम डीडमध्ये देणारा टायटलची कोणतीही हमी देत नाही, त्यामुळे विमा कंपनीला आधी विचारून, गरज पडल्यास पॉलिसीला पुरवणी जोडून घ्यावी. घराच्या विम्यावरही दुसरे नाव घालायचे असते.

डीडमध्ये जुन्या मालकाने स्वतःकडून ‘स्वतःला आणि जोडीदाराला’ असे लिहून द्यायचे असते. घेणाऱ्यांच्या ओळीत केवळ जोडीदाराचे नाव लिहिले, तर निम्मे नव्हे तर संपूर्ण घर दिले जाते.

फक्त प्रोबेट टाळायचे असेल तर

नाव चढवू इच्छिणाऱ्यांशी बोलताना अनेकदा असे दिसते की त्यांना आज मालकी वाटून द्यायची नसते. आपल्या पश्चात जोडीदाराला कोर्टाच्या फेऱ्या, म्हणजेच प्रोबेट, पडू नयेत, एवढीच इच्छा असते. तसे असेल, तर माझ्या मते टायटलला हात लावू नये. हयातीत बदलता येणाऱ्या ट्रस्टमध्ये घर ठेवले, किंवा कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन, इलिनॉय अशा राज्यांत मिळणारे, मृत्यूनंतरच मालकी देणारे ट्रान्सफर ऑन डेथ डीड केले, तर आज भेट होत नाही, फॉर्म ७०९ लागत नाही, जोडीदाराच्या सावकारांचा घरावर हक्क येत नाही, मन बदलले तर कागद रद्द करता येतो आणि मृत्यूच्या वेळी बेसिसही वाढतो. नागरिक नसलेल्या जोडीदारासाठी आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांसाठी हा मार्ग विशेष सोयीचा आहे. त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये हे डीड मालकाच्या मृत्यूपूर्वी काउंटीत नोंदलेले असावे लागते. कॅलिफोर्नियात त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोटरी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत ते रेकॉर्डरकडे नोंदवावे लागते; ही मुदत चुकली तर ते डीड निष्प्रभ ठरते आणि नवे करून पुन्हा नोटरी व नोंदणी करावी लागते.